नमुन्याची पँट

मास्तरांनी वकिलांच्या उजव्या पायाशी गुडघा टेकला, टेपचं टोक घोट्यापाशी धरलं आणि दोन मिनिटांपूर्वीच घेऊन झालेलं माप पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

“एकेचाळीस आहे हो मास्तर,” वकील वरून म्हणाले. “मघाशी तुम्हीच सांगितलंत. तेवढ्यात पाय वाढले काय माझे?”

“खात्री केलेली बरी.”

खात्री मास्तरांना दुसऱ्याच गोष्टीची करायची होती, आणि त्यासाठी गुडघ्यावर बसण्याइतकी सोयीची जागा नव्हती. अडतीस वर्षं पुरुषांच्या पँटी शिवून त्यांना एवढं कळलं होतं, की माप देणारा माणूस समोर बघून बोलतो, खाली बघून नाही. त्यामुळे घरी जे सांगत नाही ते तो बेधडक सांगून टाकतो, आणि पायाशी बसलेल्याला ते फुकटात ऐकायला मिळतं.

“ते तुमचं दोन वर्षांपूर्वीचं ऑपरेशन,” मास्तर टेपकडे बघत म्हणाले. “प्रोस्टेटचं. आता कसं आहे?”

वकिलांची पोटरी किंचित ताठ झाली. टेप हातात असला की ते कळतं.

“फर्स्टक्लास. का हो?”

“एका नातेवाइकाला तेच निघालंय. त्याला ठरवायचंय, काय करायचं ते.”

“जवळचा आहे?”

“तसा जवळचाच.”

“मग सांगा त्याला, डोळे मिटून करून टाक म्हणावं. चौथ्या दिवशी घरी, दीड महिन्यात मी कोर्टात उभा. मी तर विसरलोसुद्धा ते सगळं.”

“त्रास वगैरे काही?”

“काही म्हणता काही नाही.” वकिलांनी शर्टाची बाही उगाच खाली ओढली. “कपडा तो गडद निळाच घ्या. आणि सीटला जरा सैल ठेवा. हल्ली बसून बसून…” वाक्य त्यांनी तिथेच सोडून दिलं.

मागच्या बाजूला काज-बटणांच्या मशीनचं चाक थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. तिथे मास्तरांची बायको बसायची. कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकं तिला मास्तरीणबाई म्हणत. प्रत्येक पँटीचं शेवटचं काम, म्हणजे हूक, काज, तुरपाई, इस्त्री आणि कागदात बांधणं, तिच्याकडे होतं.

वकील गेल्यावर मास्तरांनी मापाची वही उघडली. जाडजूड, कापडी पुठ्ठ्याची, या दुकानातली सहावी. मास्तरांचा माणसांवर विश्वास होता, नाही असं नाही, पण वहीनंतर. माणूस सांगतो, “मी हल्ली जेवण कमी केलंय,” आणि वही सांगते, दिवाणखान्याच्या पडद्याइतकं कापड त्याला यंदा लागलंय. पोट आत ओढून माप देणारे, मांडीचं माप देताना पायाचा अंगठा दाबून धरणारे, पन्नाशीनंतर एकदम तंग पँट शिवायला टाकणारे आणि सहा महिन्यांनी गुपचूप ती सैल करून नेणारे, सगळे त्यांना आकड्यांवरून ओळखता येत.

वकिलांची पानं त्यांनी मागे-पुढे करून पाहिली. ऑपरेशनच्या आधीच्या नऊ पँटी: फिकट राखाडी, बदामी, एक जवळजवळ पांढरी. सीट चापूनचोपून. वकील म्हणजे नटवा माणूस. ऑपरेशननंतरच्या सात पँटी: काळी, निळी, काळी, गडद तपकिरी, निळी, निळी, आणि आजची. पुढे दोन-दोन चुण्या. कंबर वाढली अर्धा इंच आणि सीट मागितली अडीच इंच सैल. बसून बसून म्हणे. कोर्टात काय ते आधी झोपून असायचे?

साक्ष एकीकडे आणि पँटी दुसरीकडे. मास्तरांनी पँटींचं खरं मानलं आणि वही मिटली.

नातेवाईक अर्थातच ते स्वतः होते. रक्तातला आकडा साडेआठ. मग सुईने बारा तुकडे काढले, त्यातले तीन वाईट निघाले. गेल्या सोमवारी दोघं नवरा-बायको हॉस्पिटलमध्ये गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर पेनने चित्र काढून दाखवलं. मुलीच्या वयाची बाई, बोलणं सरळ.

“काका, तुमचा आजार मधल्या पायरीवरचा आहे. अगदी साधाही नाही, अगदी वाईटही नाही. तीन मार्ग आहेत. एक, ऑपरेशन करून प्रोस्टेटची अख्खी गाठच काढून टाकायची. दोन, किरणांचा शेक. रोज यायचं, काही आठवडे. तीन, आत्ता काहीच करायचं नाही, पण नजर ठेवायची. ठरल्या तारखेला रक्त, वर्षाने पुन्हा तुकडे. हललं तर उपचार.”

“यातलं चांगलं कुठलं?”

“तिन्ही. त्रास मात्र वेगवेगळे आहेत. कुठला त्रास तुम्हाला चालेल, ते तुम्ही ठरवायचं.”

मास्तरांना हे पसंत पडलं नव्हतं. गिऱ्हाइकाने विचारलं की मला कुठला कपडा बरा दिसेल, तर मास्तर सरळ एक थान काढून समोर टाकत. तीन थानं दाखवून ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणाऱ्या शिंप्याला ते नवशिका समजत.

“तुम्ही माझ्या जागी असता तर?”

“मला प्रोस्टेट नाही, काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांना त्याचं वाईट वाटलं असावं. “घाई नाही. पण वर्षभर टाळायचंही नाही. पुढच्या सोमवारी या, दोघं बोलून या.”

दोघं बोलले नव्हते. म्हणजे मास्तरीणबाई बोलल्या होत्या. त्यांचं बाहेर पडल्या पडल्या रिक्षात बसायच्या आधीच ठरलं होतं: काढून टाकायचं. मुलगीही रोज फोनवर एक व्हिडिओ पाठवत होती, त्यात एक परदेशी म्हातारा ऑपरेशननंतर सायकल चालवायचा. मास्तर हूं म्हणत आणि दुसऱ्या कामाला लागत. हल्ली त्यांना एक नवीच खोड लागली होती. घरापासून दुकानापर्यंतच्या रस्त्यावर किती मुताऱ्या आहेत, ते त्यांनी मोजलं होतं. चार. त्यातली एक कुलूपबंद. आणि माप घ्यायला गुडघा टेकला, की उठताना ते आधी स्वतःच्या पँटीच्या पुढच्या बाजूकडे बघत, जणू ऑपरेशन होऊनच गेलंय.

एका गिऱ्हाइकासमोर, पायाशी बसलेलं असताना, जर कपड्यात झालं तर? हा एक प्रश्न. त्याच्या मागे दुसरा एक प्रश्न होता, तो मास्तर मनातसुद्धा पूर्ण वाक्यात विचारत नसत. बासष्ट वर्षांचा माणूस, लग्नाला सदतीस वर्षं झालेली. आता काय राहिलंय, असं कुणीही म्हणालं असतं. कुणालाही काय माहीत.

शुक्रवारी सकाळी त्यांना वहीत केमिस्ट सापडला.

गावाच्या दुसऱ्या टोकाला औषधांचं दुकान असलेला हा माणूस तीस वर्षांचं गिऱ्हाईक. चार वर्षांपूर्वी, माप देता देताच, त्याने सांगितलं होतं की आपल्यालाही तेच निघालंय, पण डॉक्टर म्हणाले नुसती नजर ठेवू. तेव्हा मास्तरांनी नुसतीच मान हलवली होती. आता त्यांनी त्याची पानं अधाशासारखी काढली. कंबर छत्तीस, सीट चाळीस. त्यानंतरच्या पँटीला छत्तीस, चाळीस. पुढे छत्तीस, चाळीस. चार वर्षांत सहा पँटी, आणि एका सुताचा फरक नाही. आजार अंगात असलेला माणूस असा राहील? तो झिजतो, फुगतो, काहीतरी होतं. हा गडी दगडासारखा होता तिथे होता. सातवी पँट तर कालच शिवून, इस्त्री होऊन, फळीवर तयार होती. तीही छत्तीस, चाळीस.

मास्तरांना कितीतरी दिवसांनी भूक लागली.

दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून दोघं मागच्या बाजूला जेवायला बसले, तेव्हा त्यांनी विषय काढला.

“मी म्हणतो, थांबावं.”

“कशासाठी?”

“अगं, तोही मार्गच आहे. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. नजर ठेवायची. तो केमिस्ट बघ, चार वर्षं झाली, इंचभर हललेला नाही.”

“तुम्हाला कोण म्हणालं?”

“माप म्हणतंय.”

“आणि नजर ठेवायची म्हणजे कुणी?”

“मी. आणखी कोण?”

दुसऱ्या कुणीतरी लावलेल्या बटणाकडे बघावं, तसं मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

“रोज सकाळी तुमचं तोंड बघितलं की माझ्या मनात येणार, आज किती असेल. त्याचं काय करायचं?”

“सवय होईल.”

“तुम्हाला.”

“ऑपरेशन म्हणजे काय गंमत आहे? त्यात…” खरं कारण जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि घासाबरोबर खाली गेलं. “दुकान बंद ठेवायला लागेल.”

“ठेवू की.”

एवढंच बोलून त्यांनी डबा बंद केला. मग दिवसभर मशीन चालू राहिलं. मास्तरीणबाई रागावल्या की काजं जास्त सुबक निघतात, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्या दिवशी निघालेली काजं बघत राहण्यासारखी होती.

शनिवारी मास्तरांनी फळीवरची ती पँट स्वतःच उचलली. एरवी केमिस्टची सून नोकरीवरून परतताना यायची आणि घेऊन जायची. पण मास्तरांना आता नुसतं माप पुरेना. सोमवारी डॉक्टरीणबाईंसमोर सांगायला आणि घरात तोंड वर करून फिरायला, त्यांना त्या माणसाला धडधाकट बघायचं होतं. त्यांच्या डोक्यात वाक्यसुद्धा तयार होतं: परवाच भेटून आलो, घोड्यासारखा आहे.

औषधांच्या दुकानात, शनिवारची सुट्टी म्हणून, काउंटरवर सून होती.

“तुम्ही कशाला आलात, मास्तर? मी सोमवारी येणारच होते.”

“शेठ आहेत ना?”

“आहेत, वर आहेत. पण…” तिने हातातली गोळ्यांची पाकिटं नीट रचली. “जा. त्यांना बरं वाटेल.”

वरच्या खोलीत खिडकीशी एक माणूस बसला होता. मास्तरांना क्षणभर वाटलं, हा केमिस्टचा थोरला भाऊ असणार. मग त्यांनी पँट ओळखली. सहा महिन्यांपूर्वी त्यांनीच शिवलेली. कमरेला पट्टा आवळून कापड गोळा केलेलं, आणि त्याचे घोळ मांडीवर पडद्यासारखे उतरलेले. पट्ट्याला कंपनीची भोकं पाच, त्यांच्या पुढे घरी टोच्याने पाडलेली आणखी चार.

“या मास्तर. पँट घेऊन स्वतः आलात? शिलाई वाढवणार वाटतं.”

आवाज तेवढा तोच होता. मास्तर उभेच राहिले.

“शेठ, मी तुमचं माप शेवटचं कधी घेतलं?”

“झाली असतील चार वर्षं. सूनबाई नमुन्याची पँट देते ना तुम्हाला. तुमच्याच हातची. त्याच्यावरून तुम्ही पुढची शिवता.” केमिस्ट हसला, पण ते हसणं खोकल्याकडे वळलं. “फिटिंगची तक्रार नाही हं. पँटीला पँट हुबेहूब. आतला माणूस तेवढा वेगळा.”

मास्तर खुर्चीवर बसले. पँटीवरून पँट, त्या पँटीवरून पुढची. सहा वेळा त्यांनी टेबलावर पसरलेल्या कापडाला टेप लावून छत्तीस लिहिलं होतं, आणि वहीत नमुन्यासाठी वेगळी खूण करायची पद्धत नव्हती, कारण तिची कधी गरजच वाटली नव्हती; आकडा एकदा लिहिला, की तो कापडाचा की अंगाचा, हे तेही विसरत. चार वर्षं ते आपलीच शिलाई मोजत होते.

“तुम्ही तपासणीला जात होता ना?”

“दोनदा गेलो. दोन्हीदा आकडा तोच. तिसऱ्यांदा रक्त दिलं आणि रिपोर्ट आणायला गेलोच नाही. का, ते विचारू नका. मग दुकानात गर्दी, मग सूनबाईचं बाळंतपण, मग सर्दी. निमित्तांना काय तोटा. काउंटरवर उभा राहून मी शंभर माणसांना दटावलंय, कोर्स मध्येच सोडू नका म्हणून. आणि मला पाठ दुखायला लागली, तेव्हा दुकानातलंच मलम चोळत बसलो. तेही पाच महिने.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“काय म्हणणार. नजर ठेवायला सांगितली होती, डोळे झाकायला नाही, म्हणाला. आता हाडात आहे. दर तीन महिन्यांनी सुई असते. ती तारीख मात्र चुकत नाही, सूनबाई चुकू देत नाही.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. दोघांनी ती पूर्ण मागे जाईपर्यंत ऐकून घेतलं.

“मार्ग वाईट नव्हता, मास्तर. माझ्याबरोबरच सुरुवात केलेला एक जण आहे. दर तारखेला जातो, खुर्चीत बसून रिपोर्ट फोडतो, ठणठणीत आहे. मार्ग बरा होता. त्या मार्गाला माणूस चुकीचा मिळाला.” केमिस्टने मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं. “तुमचा किती आला?”

नातेवाईक हा शब्द मास्तरांच्या तोंडात तयार होता.

“साडेआठ,” ते म्हणाले.

केमिस्टने मान हलवली. सल्ला दिला नाही, धीरही दिला नाही. कागदातली पँट उलटसुलट करून बघितली.

“ही ठेवता, की परत नेता?”

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि गुडघा टेकला.

“जरा उभे राहता का?”

केमिस्ट खिडकीचा गज धरून उभा राहिला. टेप कमरेभोवती आला आणि पुढे येतच राहिला.

“किती?” वरून प्रश्न आला.

“एकतीस.”

“लिहा मग,” केमिस्ट म्हणाला. “या खेपेला तरी खरं लिहा.”

संध्याकाळी दुकान आवरताना मास्तरीणबाई जमिनीवरच्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करत होत्या. मास्तर कात्री फडक्याने पुसत होते. पुसून झालेली कात्री ते तिसऱ्यांदा पुसत होते.

“ऑपरेशनच करू,” ते म्हणाले.

मास्तरीणबाईंनी मान वर केली. आनंद झाल्याचं काही दिसलं नाही.

“काय झालं?”

मास्तरांनी केमिस्टचं सांगितलं. दोन वाक्यांत संपवलं.

“त्यांचं तसं झालं म्हणून तुमचं होईल असं नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या. नवऱ्याने आपली बाजू घेतली तरी तिच्यातली शिवण तपासून बघायची, हा त्यांचा स्वभाव.

“तोही तेच म्हणतो. मार्ग बरा आहे. पण मी बघणाऱ्यातला नाही गं.” कात्री त्यांनी अखेर खाली ठेवली. “तुला माहीत नाही, पण तो पहिला रिपोर्ट आला ना, रक्ताचा, ते पाकीट मी अकरा दिवस ड्रॉवरमध्ये तसंच ठेवलं होतं. फोडलं नव्हतं.”

“रिळांच्या खाली,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही चहाला गेलात की रोज बघायचे, फोडलंत का.”

मास्तरांनी ड्रॉवरकडे बघितलं.

“मग बोलली का नाहीस?”

“पाकीट तुमच्या नावाचं होतं.” त्यांनी टाचण्या डबीत झटकल्या. “शेकाचं काय मग?”

“त्याचा त्रास कधीकधी मागाहून येतो म्हणाल्या. मागाहून येणाऱ्याची वाट बघत बसायचं, ते मला झेपत नाही, हे आज कळलं. काय व्हायचं ते समोर होऊ दे.”

एवढं बोलले, पण वकिलांच्या सात पँटींविषयी बोलले नाहीत. रविवारी दिवसभर ते एका चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंना विचारायचे प्रश्न लिहीत बसले. किती दिवस भरती, भूल कुठली, टाके कधी काढणार, उभं राहून काम कधी. सात प्रश्न झाले. आठव्याचा आकडा घातला, पुढे टिंब दिलं आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, उजवीकडे मास्तर, डावीकडे मास्तरीणबाई. टेबलावर पोटाच्या आतल्या भागाचा प्लॅस्टिकचा नमुना होता, त्याचे तुकडे काढता-घालता येत.

“काय ठरलं, काका?”

“ऑपरेशन.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग आता स्पष्ट सांगते, नंतर तक्रार नको.” डॉक्टरीणबाईंनी नमुन्यातली अक्रोडाएवढी एक गाठ काढून बाजूला ठेवली. “नळी काढली की सुरुवातीला लघवीवर ताबा राहत नाही. खोकला आला, उठलं-बसलं, की थोडी जाते. पॅड वापरावे लागतात. काहींना आठवडे, काहींना महिने.”

झालं, बोलून झालं. मास्तरांची मान गरम झाली. उठलं-बसलं की. दिवसातून तीस वेळा उठणं-बसणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी त्या प्लॅस्टिकच्या गाठीवरून नजर हलवली नाही, आणि डावीकडे तर मुळीच बघितलं नाही.

“पहिले काही महिने दुहेरी,” डावीकडून आवाज आला. “मग एकेरी. पुढे लागत नाही बहुतेकांना.”

“काय दुहेरी, काकू?”

“अस्तर. पँटीला आतून लावते मी. दोन्ही बाजूंना सुती आणि मध्ये छत्रीचं कापड. पॅड सरकला तरी बाहेर काही दिसत नाही. सीट तेवढी सैल हवी, म्हणजे आत जागा राहते. आणि कपडा गडद.”

आता मास्तर वळले. मापं घेऊन, कापून, शिवून झालेली प्रत्येक पँट शेवटच्या हातासाठी तिच्याकडे जायची आणि तिच्याकडूनच कागदात बांधून गिऱ्हाइकाकडे. एकदा पलीकडच्या मशीनवर गेलेली पँट उलटी करून बघायची त्यांना सदतीस वर्षांत कधी गरज वाटली नव्हती.

“वकिलांच्या?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाव कशाला घ्यायचं.”

“तुला कोणी सांगितलं लावायला?”

“घरच्या बायका सांगतात. हे काय तुम्हाला येऊन सांगणारेत?”

“किती जणांच्या?”

“तिघांच्या.”

मास्तरांनी मनातल्या मनात वही चाळली. एक ठाऊक होता. दुसऱ्याचा अंदाज करता आला असता. तिसरा काही केल्या सापडेना.

“एकांचं सुटलं,” मास्तरीणबाई डॉक्टरीणबाईंना सांगत होत्या. “गेल्या दोन पँटींना अस्तर नको म्हणाल्या वहिनी. रंग मात्र तोच घेतात, सैलही तेवढीच. भीती राहिलीय, बाकी काही नाही. दुसऱ्यांना एकेरी पुरतं.”

“आणि तिसरे?” मास्तरांनी विचारलं.

“तिसऱ्यांना अजून दुहेरीच.” त्यांनी आवाज खाली आणला नाही, वरही नेला नाही. “दोन वर्षं होतील आता.”

डॉक्टरीणबाईंनी ती गाठ नमुन्यात परत बसवली.

“थोड्यांचं तसं राहतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमचं राहणारच नाही, अशी हमी मी देणार नाही.”

“आणि हे ठाऊक असून तू काढून टाका म्हणत होतीस?” मास्तर बायकोला म्हणाले.

“अस्तर मला लावता येतं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “रोज ड्रॉवर उघडून बघणं नाही जमत.”

डॉक्टरीणबाईंना यातलं शेवटचं वाक्य कळलं नसावं, पण त्यांनी विचारलं नाही. कॅलेंडर पुढे ओढून त्या महिन्याअखेरची एक तारीख बोटाने दाबून बसल्या. मास्तरांनी मान डोलावली. मग खिशातली चिठ्ठी काढून त्यांनी एकेक प्रश्न वाचला आणि एकेक उत्तर ऐकलं. टाके आपोआप विरघळणारे. चार दिवस भरती. काम सहा आठवड्यांनी, गुडघे टेकायचं काम दोन महिन्यांनी. सातवा प्रश्न झाला, तरी त्यांनी चिठ्ठीची घडी घातली नाही.

“आणखी काही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मास्तर गप्प. त्या गप्प राहण्याचं माप मास्तरीणबाईंना बरोबर कळलं. त्यांनी खुर्चीखालची पिशवी उचलली आणि पदर सावरला.

“मी बाहेर बसते. तुम्ही या सावकाश बोलून.”

त्या उठून दारापर्यंत गेल्याही होत्या. मास्तरांनी रिकाम्या झालेल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि ती स्वतःकडे थोडी ओढली.

“थांब,” ते म्हणाले. “हे तुझ्यासमोरच विचारायचंय.”